आधी केमो, मग ऑपरेशन: मधल्या काळातले स्तनाचे एमआरआय कसे करून घ्यायचे आणि कसे समजून घ्यायचे

ताईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, गाठ आधी काढून टाका. सर्जन मॅडमनी मात्र सांगितलं की आधी केमो, ऑपरेशन नंतर, साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी. गाठ आत ठेवून एवढं थांबायचं? दाजींनी तो प्रश्न मॅडमना विचारला नाही, परत येताना गाडीत मला विचारला. मला उत्तर माहीत नव्हतं. पुढे ताईचे तीन एमआरआय झाले. तिन्ही वेळा मी बरोबर होते, फाइलही माझ्याकडेच असायची. पहिल्याच आठवड्यात कळायला हव्या होत्या अशा कित्येक गोष्टी मला उशिरा कळल्या, एक तर नुकसान झाल्यावर. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. औषध कोणतं आणि ऑपरेशन कोणतं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर बोलणं डोक्यावरून जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी केमो का, हे पहिल्या भेटीतच विचारा

ऑपरेशनआधीच्या केमोला डॉक्टर 'निओअ‍ॅडज्युवंट' म्हणतात. फाइलवर 'एनएसीटी' असंही लिहिलेलं दिसेल. गाठ मोठी असेल, कातडीला किंवा छातीच्या स्नायूला चिकटली असेल, काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेला असेल, तर गाठ आधी लहान करून मग काढणं सोपं जातं. पूर्ण स्तन काढावा लागेल असं वाटत असताना फक्त गाठ काढून भागू शकतं. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या) आणि ट्रिपल निगेटिव्ह (हर-टू जास्त नाही, दोन्ही हॉर्मोनचे रिसेप्टरही नाहीत अशा) प्रकारांत गाठ फार मोठी नसली तरी बऱ्याचदा केमो आधी देतात. औषध या रुग्णाच्या गाठीवर चालतंय की नाही हे त्यामुळे डोळ्यांनी बघता येतं. गाठ आधीच काढून टाकली तर औषधाची परीक्षा कशावर घेणार?

दाजींच्या प्रश्नाचं उत्तरही आहे, आणि ते जुनं आहे. अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या 'बी-१८' नावाच्या चाचणीत १५२३ स्त्रियांपैकी निम्म्यांना केमो ऑपरेशनआधी आणि निम्म्यांना तीच केमो ऑपरेशननंतर दिली होती. दोन्ही गटांतल्या जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आधी केमो घेतलेल्या गटात स्तन वाचवणारी ऑपरेशनं जास्त झाली. म्हणजे हे थांबणं नसतं, पहिल्या सलाइनपासून उपचार सुरूच असतो.

पहिल्या सलाइनआधी दोन कामं: एमआरआय आणि क्लिप

या लेखातलं एवढंच वाचणार असाल तरी चालेल. एमआरआयवरून केमोचा परिणाम मोजायचा तर आधीची स्थिती काय होती हे नोंदलेलं असायला हवं. केमोची पहिली सायकल, म्हणजे पहिली फेरी, झाल्यावर 'आता एमआरआय करून घेऊ' म्हटलं तर ती संधी गेलेली असते. काही गाठी पहिल्या तीन आठवड्यांतच बोटांना लागेनाशा होतात. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला नसेल तर 'माझ्या बाबतीत गरज नाही का?' असं शांतपणे विचारा. कधीकधी खरंच नसते. लहान, सोनोग्राफीवर स्वच्छ दिसणारी गाठ असेल तर तेवढ्यावरही काम चालतं. गाठ पसरलेली असेल, एकापेक्षा जास्त असतील, स्तन दाट (चरबी कमी, ग्रंथी जास्त) असेल, किंवा स्तन वाचवायचा विचार असेल, तर एमआरआयचा उपयोग मोठा.

दुसरं काम क्लिपचं. तांदळाच्या दाण्याहून लहान, बहुधा टायटेनियमची खूण सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून सुईने गाठीच्या मधोमध ठेवतात. केमोने गाठ विरघळली तर सर्जनना जागा सापडायची कशी, त्याची ही सोय. शेत नांगरल्यावर बांधावरची खूण शोधावी तसं होतं ते. क्लिप नसेल आणि गाठ पूर्ण नाहीशी झाली, तर आनंदाच्या बातमीतूनच अडचण उभी राहते. काखेतली गाठ बायॉप्सीत पॉझिटिव्ह आली असेल तर तिच्यातही क्लिप ठेवायची का, हे विचारून घ्या. एमआरआयला या क्लिपची अडचण होत नाही. फोटोत तिथे एक छोटा काळा ठिपका दिसतो, आणि रेडिऑलॉजिस्टना तोच पुढे वाट दाखवतो.

मासिक पाळीच्या ठरावीक दिवसांत एमआरआय करावा, पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, असं कुठेतरी वाचाल. कॅन्सर आहे का हे शोधण्यासाठी केलेल्या एमआरआयला ते लागू आहे. कॅन्सर ठरलेला असताना त्यासाठी केमो लांबवत नाहीत.

तपासणीच्या दिवशी

आधी रक्तात क्रिएटिनिन तपासतात. डाय, म्हणजे गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून. गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआरचा आकडा ३० च्या खाली असेल तर डाय द्यायची की नाही याचा डॉक्टर वेगळा विचार करतात. ही डाय सीटी स्कॅनची आयोडीनवाली नव्हे. सीटीच्या वेळी अ‍ॅलर्जी आली असेल तरी सांगा, पण दोन्ही एक समजू नका. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर ते सर्वांत आधी सांगायचं. उपाशी यायचं का आणि किती तास, हे प्रत्येक केंद्राचं वेगळं असतं. वेळ घेतानाच विचारा.

धातू म्हटला की आपल्याला मंगळसूत्र आणि जोडवी आठवतात. विसरतात त्या साडीच्या पिना, मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन, केसांतले आकडे आणि ब्लाउजचे हूक. सगळं घरी ठेवून या. ताईचं मंगळसूत्र लग्नानंतर पहिल्यांदा काढावं लागलं, आणि त्या छोट्या खोलीत तिला रडू आलं. मला वाटतं, याची तयारी आदल्या रात्री घरीच, आपल्या माणसांत व्हावी. परक्या ठिकाणी घाईघाईत नको. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीची जुनी क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, तांबी, हाडातला रॉड, सगळं सांगायचं. यातल्या बहुतेक गोष्टींनी तपासणी अडत नाही, काहींनी अडते. ते ठरवणं टेक्निशियनचं काम आहे, आपण फक्त लपवायचं नाही. केमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) बसवला असेल तर त्याचं कार्ड न्या. बहुतेक पोर्ट एमआरआयमध्ये चालतात, पण तो छातीवर असल्याने पालथं झोपल्यावर टोचतो. टेक्निशियनला सांगितलं तर तिथे मऊ घडी ठेवून देतात.

हो, पालथंच झोपायचं असतं. टेबलावर दोन पोकळ्या असलेली चौकट असते, तिच्यात दोन्ही स्तन मोकळे लोंबते राहतात, हात डोक्याच्या वर. तीस-चाळीस मिनिटं न हलता. आवाज मोठा असतो, लोखंडी पत्र्यावर हातोडी मारल्यासारखा, म्हणून कानात बोळे देतात. हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की बाहेर घंटा वाजते. खोल श्वास घ्यायचा नाही, नेहमीसारखा घ्यायचा, कारण छाती हलली की फोटो धूसर होतो. मधल्या टप्प्यात यंत्राने शिरेतून डाय जाते. साठ किलो वजनाच्या बाईला साधारण १२ मिली, मागून सलाइन. हाताला गार लागतं. केमोनंतरच्या एमआरआयला शीर सापडणं अवघड जातं. त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायला परवानगी असेल तर भरपूर प्या.

एक चांगलं सांगायचं तर या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो. तीनदा करावी लागली तरी त्या बाबतीत काळजी नाही.

मशीन नेमकं काय बघतं

कॅन्सरची गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. त्या घाईत बनलेल्या, गळक्या असतात. शिरेतून दिलेली डाय गाठीत पटकन शिरते आणि बऱ्याचदा तितक्याच पटकन बाहेर पडते. मशीन डाय देण्याआधी एक फोटो काढतं आणि दिल्यावर काही मिनिटं ओळीने काढत राहतं. आधीचा फोटो नंतरच्यातून वजा केला की जिथे डाय पोचली तेवढंच उजळ उरतं. रिपोर्टमध्ये 'एन्हान्समेंट' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो याच उजळण्यासाठी.

उजळणं वेळेनुसार कसं बदललं याचा आलेखही काढतात. हळूहळू चढत गेलेला पहिला प्रकार, चढून सपाट झालेला दुसरा, झपकन चढून उतरलेला तिसरा. तिसऱ्याला 'वॉशआउट' म्हणतात आणि तो कॅन्सरमध्ये जास्त दिसतो. केमो लागू पडली की रक्तवाहिन्या मरतात, चढण मंदावते आणि आलेख पहिल्या प्रकाराकडे सरकतो. गाठीचा आकार कमी होण्याआधीही हे दिसू शकतं.

याशिवाय डाय न देता काढलेले 'डिफ्युजन'चे फोटो असतात. पेशी दाटीवाटीने भरलेल्या असतील तर त्यांच्यामधलं पाणी फार हलू शकत नाही. पेशी मरून जागा मोकळी झाली की पाणी मोकळं फिरतं. ते मोजणारा आकडा म्हणजे एडीसी. उपचार चालू असताना एडीसी वाढणं चांगलं. आपल्याकडचं बाकी सगळं घटलं की बरं वाटतं, हा एकच आकडा वाढायला हवा, म्हणून घोळ होतो.

दुसरा आणि तिसरा एमआरआय कधी

शेवटची केमो झाल्यावर, ऑपरेशनआधीचा एमआरआय महत्त्वाचा. सर्जन त्यावरून किती काढायचं ते आखतात. मधला एमआरआय सगळ्यांचा करत नाहीत. प्रत्येक सायकलच्या वेळी डॉक्टर हाताने तपासतात, अधूनमधून सोनोग्राफी करतात, आणि बऱ्याच जणींना तेवढं पुरतं. औषधांचा गट बदलताना, किंवा हाताला गाठ तेवढीच लागते आहे अशी शंका आली तर मधला करतात. ताईची पहिली चार सायकल एका औषधजोडीची होती, तीन-तीन आठवड्यांनी, आणि मग बारा आठवडे दर आठवड्याला दुसरं औषध, सोबत हर-टूवरचं. तिचा मधला एमआरआय त्या दोन गटांच्या मध्ये झाला.

अमेरिकेतल्या 'आय-स्पाय' नावाच्या मोठ्या अभ्यासमालिकेत एमआरआय चार वेळा करतात: उपचारांआधी, सुरू झाल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी, औषधगट बदलताना आणि ऑपरेशनआधी. त्यातल्या पहिल्या अभ्यासाचे, २१६ स्त्रियांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठीची फक्त लांबी मोजण्यापेक्षा उजळणाऱ्या भागाचं घनफळ मोजलं तर औषध लागू पडतंय हे हाताच्या तपासणीपेक्षा चांगलं सांगता येतं, आणि हा फायदा सुरुवातीच्या दिवसांतच सर्वांत जास्त असतो, असं त्यात दिसलं. या मालिकेतल्याच २०१८ च्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर एडीसीत झालेली वाढ उपयोगी खूण ठरली, तीन आठवड्यांनंतरची ठरली नाही. म्हणून फार लवकर केलेल्या एमआरआयच्या एका आकड्यावर जीव टांगू नका.

आता माझी चूक. ताईचा पहिला एमआरआय गावाजवळच्या एका केंद्रात केला आणि आम्ही रिपोर्टचा कागद व चार फिल्म घेऊन आलो. सीडी मागितली नाही. साडेतीन महिन्यांनी दुसरा एमआरआय ज्या रुग्णालयात झाला तिथल्या रेडिऑलॉजिस्टनी जुने फोटो मागितले, मी फोन केला, तर केंद्राने जुना डेटा काढून टाकलेला. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आली की तुलनेसाठी पूर्वीचे फोटो उपलब्ध नाहीत. घनफळाची तुलना मशीनवर होऊच शकली नाही, कागदावरच्या मापांवर भागवावं लागलं. त्यामुळे: सीडी किंवा पेनड्राइव्ह त्याच दिवशी मागा, घरी कॉम्प्युटरवर उघडून बघा, दुसरी प्रत करून ठेवा. जमलं तर सगळे एमआरआय एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर करा. नाही जमलं तर जुनी सीडी नव्या केंद्रात तपासणीच्या *आधी* द्या, रिपोर्ट झाल्यावर नव्हे. आणि तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कॅन्सरचा प्रकार, केमोच्या किती सायकल झाल्या, क्लिप कुठे आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्याला हे कळलं नाही तर तो अर्ध्या माहितीवर लिहितो.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेत असाल तर एमआरआय त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

रिपोर्ट हातात आला. दोन्ही शेजारी ठेवा

पहिल्या रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स ६' दिसेल. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासण्यांचे रिपोर्ट लिहिताना वापरायची आकड्यांची श्रेणी. मला वाटलं, पाचाच्या पुढे सहा, म्हणजे सगळ्यात वाईट. तसं नाही. बायॉप्सीने कॅन्सर सिद्ध झालेल्या गाठीला सहा आकडा देतात, एवढाच अर्थ. रोग किती वाढलाय याच्याशी त्याचा संबंध नाही.

नंतर 'मास' आणि 'नॉन-मास' हे शब्द बघा. मास म्हणजे कडा असलेली गाठ. नॉन-मास म्हणजे शाई सांडल्यासारखं पसरलेलं उजळणं, ज्याची लांबी-रुंदी मोजणं मुळातच अवघड. तुमचा प्रकार दुसरा असेल तर मिलिमीटरच्या फरकांवर फार विसंबू नका.

मग मापं. डॉक्टर सगळ्यात लांब माप घेऊन आंतरराष्ट्रीय निकषांवर चार शब्दांपैकी एक लिहितात. काहीच न दिसणं म्हणजे कम्प्लीट रिस्पॉन्स. लांबी ३० टक्के किंवा जास्त कमी होणं म्हणजे पार्शल. २० टक्के किंवा जास्त, आणि निदान ५ मिलिमीटर वाढणं म्हणजे प्रोग्रेशन. यांच्या मधलं सगळं 'स्टेबल डिसीज'.

ताईच्या दुसऱ्या रिपोर्टवर हेच आलं, स्टेबल. गाठ ४६ मिलिमीटरवरून ३७ वर. ती ऐकूनच खचली. चार केमो, केस गेले, तोंड आलं, आणि रोग म्हणे 'तसाच'. त्या रात्री मी दोन्ही कागद पुढे घेऊन बसले, कारण कागदावर तिन्ही मापं होती. आधीची ४६, ३५, ३०. आताची ३७, २६, २२. लंबगोलाचं घनफळ काढायचं तर तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणायचं. आधीचं आलं सुमारे २५ मिली, आताचं ११. लांबी घटली वीस टक्के, पण गाठ निम्म्याहून जास्त गेली होती! लांबी एका दिशेत मोजतात, गाठ तिन्ही दिशांनी आकसते. आठवीच्या मुलांना मी घनफळ शिकवते आणि मलाच ते सुचायला रात्र व्हावी लागली. दुसऱ्या दिवशी ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सरच्या औषधोपचाराचे डॉक्टर) सरांना दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, शिवाय उजळणंही मंदावलंय. औषध काम करतंय, पुढच्या गटाकडे जाऊ." हा हिशोब डॉक्टरांच्या निकषांची जागा घेत नाही, पण 'स्टेबल' शब्दाने हातपाय गाळू नयेत एवढं मात्र त्याने होतं.

उलटही होतं, आणि ते जास्त अवघड आहे. गाठी दोन तऱ्हांनी लहान होतात. काही तोंडात धरलेल्या खडीसाखरेसारख्या, सगळ्या बाजूंनी आत आत विरघळत जातात. काही पाण्यात टाकलेल्या मातीच्या ढेकळासारख्या फुटतात. बहुतेक माती विरघळते, पण कण मूळ जागेवर विखुरलेले राहतात. दुसऱ्या तऱ्हेत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं तर लांबी कमी झालेलीच दिसत नाही. आणि मोठे कण तेवढे मोजले तर मधले बारीक सुटतात. सर्जनच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण खडीसाखर असेल तर थोडा भाग काढून स्तन वाचवता येतो, ढेकूळ असेल तर बहुधा मूळचा सगळा पट्टा काढावा लागतो. 'गाठ एकसंध आकसली की तुकड्यांत?' हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारायला सांगते. रिपोर्टमध्ये 'कॉन्सेंट्रिक' किंवा 'फ्रॅगमेंटेड' असे शब्द शोधा.

काखेबद्दलच्या ओळीही वाचा, पण काखेतल्या गाठींचा शेवटचा निर्णय एमआरआयवर होत नाही. तिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशनच्या वेळी काढून तपासलेल्या गाठी यांचंच चालतं. आणि ऑपरेशनआधी मॅमोग्राफी पुन्हा सांगितली तर 'एमआरआय झालाय की' असं म्हणून टाळू नका. चुन्याचे बारीक कण एमआरआयला दिसत नाहीत, मॅमोग्राफीला दिसतात. पेशी मेल्या तरी ते तिथेच राहतात, आणि ते पसरलेले असतील तर किती भाग काढायचा हे ठरवताना सर्जनना त्यांचाही विचार करावा लागतो.

'काही दिसत नाही' असा रिपोर्ट आला तर

पेढे वाटावेसे वाटतील. वाटा. पण ऑपरेशन रद्द होत नाही.

याचं कारण आकड्यांत सांगते. २०१३ मध्ये ४४ अभ्यास एकत्र करून, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून, एमआरआयचा अंदाज आणि ऑपरेशननंतर मायक्रोस्कोपखाली जे सापडलं ते ताडून पाहिलं गेलं. ज्यांच्यात कॅन्सर उरला होता त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ९२ जणींत एमआरआयने तो दाखवला. म्हणजे आठ जणींत सुटला. आणि ज्यांच्यात काहीच उरलं नव्हतं त्यांच्यापैकी शंभरात सुमारे ६० जणींनाच 'स्वच्छ' म्हटलं. बाकीच्यांत काहीतरी दिसतंय असं सांगितलं, ते निघालं मेलेल्या गाठीचा व्रण किंवा सूज.

दोन्ही बाजूंनी चुकण्याची कारणं आहेत. काही औषधं रक्तवाहिन्यांवरच परिणाम करतात, मग डाय पोचत नाही आणि उरलेल्या पेशी उजळत नाहीत. विखुरलेले कण मशीनच्या नजरेला फार बारीक असतात. हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह प्रकारात आणि लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) प्रकारात हे जास्त होतं. त्यांत गाठ तशीही हळू आणि तुकड्यांत कमी होते. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकारांत एमआरआयचं म्हणणं जास्त खरं ठरतं. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या रिपोर्टशी आपला ताडून बघण्यात अर्थ नाही.

मग सुई घालून बघितलं की झालं, ऑपरेशन कशाला, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. अमेरिकेतल्या 'बीआर००५' अभ्यासात तपासण्यांमध्ये गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलेली दिसत होती अशा ९८ जणींची ऑपरेशनआधी सुईने बायॉप्सी केली. ऑपरेशनमध्ये ३६ जणींत रोग सापडला, आणि त्यातल्या निम्म्या, १८ जणींच्या बायॉप्सीत तो आला नव्हता. निवडक रुग्णांत ऑपरेशन टाळता येईल का याच्या चाचण्या चालू आहेत, पण त्या चाचण्याच आहेत. कुणी 'गाठ गेली, आता कापून काय घेता' म्हणत असेल, मग तो नातेवाईक असो की गावातला जाणता, त्याला हे आकडे सांगा.

उलट, मधल्या एमआरआयमध्ये गाठ *वाढलेली* दिसली तर लगेच फोन करा, पुढच्या सायकलच्या तारखेची वाट बघू नका. मोजण्यात चूक आहे का हे बघून डॉक्टर औषध बदलतात किंवा ऑपरेशन अलीकडे घेतात. हे कळावं म्हणूनच तर एवढी तपासणी.

ऑपरेशननंतर तिसरा कागद

शेवटचं उत्तर पॅथॉलॉजीचं. तिथे 'पीसीआर' असं आलं तर त्याचा कोविडच्या टेस्टशी काही संबंध नाही. पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स, म्हणजे स्तनात आणि काखेत पसरणारा कॅन्सर मायक्रोस्कोपखालीही सापडला नाही. दूधनळीतच राहणारा, न पसरणारा भाग उरला असला तरी बहुतेक व्याख्यांत हा पीसीआरच धरतात. ताईच्या शेवटच्या एमआरआयमध्ये क्लिपशेजारी ६ मिलिमीटरचं फिकट उजळणं होतं. आम्ही दहा दिवस त्या सहा मिलिमीटरवर जगलो. पॅथॉलॉजीत तिथे व्रण निघाला, आणि नळीत उरलेला तेवढा एक बारीकसा भाग.

उरलेला रोग सापडला तर त्याचाही उपयोग होतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर पुढचं औषध बदलून टी-डीएम१ नावाचं हर-टूवरचं औषध देता येतं, ट्रिपल निगेटिव्ह असेल तर केपसिटाबिनच्या गोळ्या हा एक पर्याय असतो. केमो ऑपरेशनआधी दिली नसती तर हे कळलंच नसतं. म्हणून पॅथॉलॉजीचा कागद घेऊन ऑन्कोलॉजिस्टकडे जाताना शेवटच्या एमआरआयचा रिपोर्टही न्या, आणि दोन्हींत फरक असेल तर तो का पडला ते विचारा. आमच्या सरांनी पाच मिनिटं काढून फोटो उघडून दाखवला होता, क्लिपचा काळा ठिपका आणि त्याच्या शेजारचा तो फिकट कण.

दुसऱ्या आणि तिसऱ्या एमआरआयच्या सीडी आता ताईकडे आहेत, प्रत्येकीवर तारीख आणि 'कितव्या केमोनंतर' असं लिहून. पहिलीच्या जागी सीडी नसलेलं पाकीट आहे, त्यात फक्त चार फिल्म. दुसऱ्या कुणाच्या घरी ते पाकीट सीडीवाचून राहू नये.